कोण कसं शिकतं?

नव्या नोकरीत पहिल्या-दुसऱ्या दिवशी बऱ्याच ठिकाणी एक कागद हातात येतो. अनोळखी माणसाला रस्ता सांगायचा असेल तर तुम्ही नकाशा काढून देता, तोंडी सांगता, लिहून देता, की थोडं सोबत चालत जाता? नवा मोबाईल घेतल्यावर पुस्तिका वाचता, कुणाला विचारता, की सरळ बटणं दाबून बघता? असे दहा-पंधरा प्रश्न. शेवटी बेरीज होते आणि निकाल लागतो : तुम्ही बघून शिकणारे, तुम्ही ऐकून, तुम्ही वाचून-लिहून, तुम्ही हाताने करून.

प्रशिक्षण देणाऱ्यापुढे यातून खरा पेच उभा राहतो. समोर चाळीस माणसं, त्यांच्या चार तऱ्हा. मग एकच प्रशिक्षण सगळ्यांना कसं पुरणार? चार वेगळी तयार करायची का? शिकणाराही विचारतो, "मला ऐकून काही डोक्यात शिरत नाही, बघितलं की कळतं. मग मला व्हिडिओच का नाही दाखवत?"

या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. कंपन्यांचा पैसा आणि कामगारांचा वेळ त्यावर खर्च होतोच; पण जिथे माणूस चालत्या यंत्रापाशी उभा राहतो, तिथे कच्च्या शिकवण्याची किंमत बोटांनी आणि हातांनी मोजावी लागते.

१. चार तऱ्हा आल्या कुठून?

न्यूझीलंडमध्ये नील फ्लेमिंग नावाचे शाळा-तपासनीस होते. वर्गामागून वर्ग बघताना त्यांना एक कोडं पडलं होतं. काही उत्तम शिक्षकांचं शिकवणं काही मुलांपर्यंत पोहोचत नव्हतं, आणि काही सुमार शिक्षकांचं मात्र पोहोचत होतं. पुढे लिंकन विद्यापीठात काम करताना, १९८७ साली, त्यांनी एक प्रश्नावली तयार केली. बघणं, ऐकणं, वाचणं-लिहिणं आणि करणं या चार वाटांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'व्हार्क' या नावाने जगभर गेली.

ती एकटी नव्हती. अमेरिकेत डेव्हिड कोल्ब यांनी १९८४च्या आपल्या पुस्तकात शिकण्याचं एक चक्र मांडलं : अनुभव घ्यायचा, त्यावर विचार करायचा, त्यातून नियम काढायचा, तो पुन्हा वापरून बघायचा. या चक्रातल्या कुठल्या टप्प्यावर कोण जास्त रमतो, यावरून त्यांनी माणसांचे प्रकार पाडले. ब्रिटनमध्ये पीटर हनी आणि ॲलन ममफर्ड यांनी त्याच धर्तीवर व्यवस्थापकांसाठी चार प्रकार सांगितले. २००४ साली फ्रँक कॉफिल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वर्गीकरणांची मोजदाद केली, तेव्हा ती ७१ भरली. एकच माणूस एका यादीत 'बघणारा', दुसरीत 'विचारी' आणि तिसरीत आणखी काही ठरत असेल, तर त्याला शिकवणाऱ्याने यातलं काय धरून चालायचं?

२. आवड वेगळी, फायदा वेगळा

हा दावा तपासायचा कसा, ते आधी समजून घेऊ. समजा, चाळीस नवे ऑपरेटर आहेत. प्रश्नावलीनुसार वीस जण बघून शिकणारे, वीस ऐकून शिकणारे. दावा खरा धरायचा तर बघणाऱ्यांना चित्रांतून शिकवल्यावर त्यांचे गुण वाढले पाहिजेत आणि ऐकणाऱ्यांना तोंडी शिकवल्यावर त्यांचे. पण एवढं बघून भागत नाही. दोन्ही गटांतल्या निम्म्या लोकांना मुद्दाम उलट पद्धतीने शिकवायला हवं, कोणाला काय मिळेल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं, आणि शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्यायला हवी. उलट पद्धत मिळालेले मागे पडले, तरच जुळवणीचा फायदा आहे असं म्हणता येईल. सगळ्यांनाच चित्रांतून जास्त कळलं, तर त्यातून एवढंच सिद्ध होतं की तो विषय चित्रांतून शिकवण्याजोगा होता.

२००८ साली हॅरोल्ड पॅशलर, मार्क मॅकडॅनियल, डग रोहरर आणि रॉबर्ट ब्योर्क या चार अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं सगळं संशोधन या कसोटीवर घासून बघितलं. या पद्धतीने केलेले अभ्यास फारच थोडे निघाले, आणि जे निघाले त्यांतले बहुतेक दाव्याच्या विरोधात गेले. २०१५ साली बेथ रोगोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुशिक्षित प्रौढांवर असाच एक प्रयोग केला. काहींना पुस्तकाचा भाग ऐकायला दिला, काहींना तोच पडद्यावर वाचायला दिला. आकलनाची परीक्षा लगेच घेतली आणि दोन आठवड्यांनी पुन्हा घेतली. ज्याची जी तऱ्हा होती ती त्याला मिळाली म्हणून त्याला अधिक समजलं, असं दोन्ही वेळा आढळलं नाही.

तरीही ही समजूत इतकी घट्ट का? २०१२च्या एका अभ्यासात ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या शिक्षकांना विचारलं, तेव्हा नव्वद टक्क्यांहून जास्त शिक्षक ती खरी मानत होते. कारण तिच्यात खरेपणाचा एक अंश आहे. आवड खरी असते. कुणाला वाचायचा कंटाळा येतो, कुणाला भाषणाचा. फ्लेमिंग यांनीही आपली प्रश्नावली आवड सांगते, क्षमता सांगत नाही, असंच म्हटलं होतं. आवडत्या मार्गाने शिकताना बरं वाटतं, आणि बरं वाटलं की आपल्याला कळलं असंही वाटतं. ते खरोखर कळलं का, हे मात्र काम हातात घेतल्यावरच ठरतं.

३. माध्यम ठरतं कामावरून

बेअरिंग खराब होत आलं की त्याचा आवाज बदलतो. तो आवाज ऐकूनच ओळखायला शिकावं लागतं, ऑपरेटर 'बघून शिकणारा' असला तरी. वायरचे रंग बघावेच लागतात. वेल्डिंगची चाल हातात बसावी लागते. तिच्यावर कितीही सुंदर व्हिडिओ केला तरी हात बसल्याशिवाय सांधा सरळ येत नाही. रसायनांच्या डब्यावरची सूचना वाचावी लागते, कारण आणीबाणीच्या क्षणी समोर तीच असते.

म्हणून आराखडा करताना पहिला प्रश्न माणसाबद्दल विचारायचा नाही, कामाबद्दल विचारायचा : हे काम बरोबर झालं की नाही, हे करणाऱ्याला कशावरून समजतं? आवाजावरून समजत असेल तर आवाज ऐकवा. स्पर्शावरून समजत असेल तर हात लावू द्या.

४. मग माणसामाणसांतला फरक कशात असतो?

फरक नसतो, असं मुळीच नाही. तो असतो, मोठा असतो, आणि प्रशिक्षणात त्याची दखल घ्यावीच लागते. मात्र तो आपण शोधतो तिथे नसतो.

सगळ्यात मोठा फरक आधी काय माहीत आहे याचा. एखाद्या क्षणी मनात धरून ठेवता येतील अशा नव्या गोष्टी जेमतेम चार-पाच असतात. मनाची ही जागा स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखी आहे. नवशिका स्वयंपाकाला लागला की कांदा, तिखट, मीठ, लाटणं, पोळपाट सगळं ओट्यावर मांडून बसतो आणि कुकरची शिट्टी झाली की गोंधळतो. रोज रांधणारी बाई तोच ओटा वापरते, पण तिच्यासाठी 'फोडणी' ही एकच वस्तू असते. मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, त्यांचा क्रम, तेल किती तापवायचं, हे सगळं त्या एका वस्तूत बांधलेलं असतं. त्यामुळे तिच्या ओट्यावर आणखी कामाला जागा उरते.

ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्स विद्यापीठात स्लाव्हा कल्युगा, पॉल चँडलर आणि जॉन स्वेलर यांनी उद्योगांतल्या अप्रेंटिसांवर हाच फरक तपासणारे प्रयोग केले. वीजजोडणीच्या आकृत्या शिकवताना नवख्यांना आकृतीतच जागच्या जागी लिहिलेलं स्पष्टीकरण उपयोगी पडलं. तेच अप्रेंटिस जसजसे तयार झाले तसतसं ते स्पष्टीकरण त्यांच्या आड येऊ लागलं, आणि नुसती आकृती दिल्यावर त्यांचं काम सुधारलं. १९९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रशिक्षण ठरवणाऱ्या प्रत्येकाने त्यातून घ्यावं असं बरंच आहे : ज्या खोलीत आयटीआय करून चार वर्षं काम केलेला फिटर आणि परवा गावाहून आलेला हेल्पर शेजारी-शेजारी बसलेत, तिथे एक तर कंटाळतो, नाही तर दुसरा बुडतो. त्या दोघांचे गट वेगळे करा. तेवढ्याने जो फरक पडेल, तो चार तऱ्हांच्या चार सादरीकरणांनी पडणार नाही.

दुसरा फरक भाषेचा. चाकण, वाळूज किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत एकाच लाईनवर बीडचा मुलगा असतो, बिहारचा असतो, ओडिशाचा असतो, आणि भिंतीवरची एसओपी इंग्रजीत असते. ती वाचून काही कळलं नाही की 'हा वाचून शिकणारा नाही' असा शेरा मिळतो. हा शेरा अन्यायाचा आहे. त्याच्या भाषेत, त्याच्या रोजच्या शब्दांत तो कागद कुणी दिलाच नाही. आणि भाषांतर करायचं तर खात्यात जे शब्द बोलले जातात तेच त्यात यायला हवेत. 'मेन स्विच'चा 'मुख्य विद्युत-कळ' करून ठेवला तर मराठी कामगारही तिथे अडतो.

तिसरा फरक शरीराचा. चाळिशीनंतर जवळचं बारीक अक्षर दिसत नाही. काही पुरुषांना लाल-हिरवा भेद कळत नाही. प्रेसशॉपमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्यांची ऐकण्याची शक्ती कमी झालेली असते. या अडचणींची सोय करायलाच हवी, आणि २०१६च्या दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्याने ती अपेक्षाही ठेवली आहे.

५. गडचिरोलीचे मणी

शिकणाऱ्याकडे बघून प्रशिक्षण कसं घडवायचं, याचं फार चांगलं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे बालमृत्यूंचा प्रश्न होता. लहान मुलांच्या न्यूमोनियाची एक मोठी खूण म्हणजे श्वासाचा वेग. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त झाले की धोका. गावातली दाई बाळापर्यंत सगळ्यांआधी पोहोचत असे. पण शाळेचं तोंड न बघितलेल्या अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं, आणि मिनिट मोजायला घड्याळही नव्हतं.

इथे एक मार्ग होता दायांना आकडे शिकवण्याचा. दुसरा होता, त्यांना हे जमणार नाही म्हणून सोडून देण्याचा. बंग यांनी काम बदललं. त्यांनी मण्यांची एक पाटी केली आणि तिच्यासोबत एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ ठेवलं. दाईने दहापर्यंत मोजायचं, एक मणी सरकवायचा, पुन्हा दहापर्यंत मोजायचं. वाळू संपायच्या आत ठरलेला शेवटचा मणी सरकला, तर ती न्यूमोनियाची खूण. दहापर्यंतचे आकडे दाईला येत होतेच. सगळं कौशल्य त्यावर उभं केलं.

पुढे याच जिल्ह्यात गावातल्याच, थोडं शिकलेल्या बायकांना घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं गेलं. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. काम झालेल्या ३९ गावांत, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. २०११मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालसेवा देण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या.

या बायका 'बघून शिकणाऱ्या' की 'ऐकून शिकणाऱ्या', हे ठरवायची कधी गरज पडली नाही. त्यांना काय येतं, त्या कुठे अडतात आणि काम आणखी सोपं करता येईल का, हे बारकाईने बघितलं गेलं.

६. चार पायऱ्या

दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, फ्रान्स पडला आणि अमेरिकेला शस्त्रांचं उत्पादन झपाट्याने वाढवणं भाग पडलं. कारखान्यांत शेतांतून, दुकानांतून, घरांतून नवी माणसं येत होती. त्यांना शिकवायचं कुणी? सुपरवायझरने. पण त्यांनाही शिकवणं येत नव्हतं. तेव्हा 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची मोहीम सुरू झाली. तिचा पाया पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीचे कामगार तयार करणाऱ्या चार्ल्स ॲलन यांनी घातलेला होता. दहा-दहा जणांच्या गटाला दोन-दोन तासांच्या पाच बैठका, एवढ्यात सुपरवायझर शिकवायला शिके. १९४५पर्यंत साडेसोळा हजार कारखान्यांत सोळा लाखांहून जास्त लोकांना या मोहिमेची प्रमाणपत्रं मिळाली. युद्धानंतर ती जपानला गेली आणि टोयोटासारख्या कंपन्यांनी ती मुरवून घेतली.

तिच्यात चार पायऱ्या आहेत. शिकणाऱ्याला तयार करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, मग लक्ष ठेवा. ऐकायला साधं वाटतं, पण सगळं मर्म तपशिलात आहे. म्हणून एक पुरं उदाहरण घेऊ. यंत्र साफ करण्याआधी त्याची वीज तोडून कुलूप लावायचं असतं. कारखान्यांत याला 'लोटो' म्हणतात. शिकवणाऱ्याने आधी कामाची फोड कागदावर करायची. प्रत्येक टप्प्याला त्याचं कारण जोडायचं, आणि त्यात खुबी असेल तर तीही.

पहिला टप्पा : लाईनवरच्यांना सांगा. खुबी : नावाने हाक मारून सांगायचं. कारण : नाही तर प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला सांगितलं असेल.

दुसरा टप्पा : यंत्र नेहमीच्या बटणाने थांबवा आणि मग मेन स्विच ऑफ करा. खुबी : याच क्रमाने. कारण : चालत्या लोडवर मेन ओढला तर ठिणगी पडते.

तिसरा टप्पा : स्वतःचं कुलूप आणि नावाचा टॅग लावा. खुबी : किल्ली स्वतःच्याच खिशात. दोघं काम करत असतील तर दोन कुलपं. कारण : एकाने काम संपवून कुलूप काढलं, तेव्हा दुसऱ्याचा हात आत असू शकतो.

चौथा टप्पा : अडकलेली ताकद सोडा. हवेचा दाब, ताणलेली स्प्रिंग, वर थांबलेला प्रेसचा भाग. कारण : वीज गेली तरी हे सगळं जागेवरच असतं.

पाचवा टप्पा : स्टार्टचं बटण दाबून बघा. कारण : शेजारच्या यंत्राचा स्विच ऑफ झालेला असू शकतो.

आता शिकवताना सुपरवायझरने पहिल्यांदा फक्त टप्पे सांगत करून दाखवायचं. दुसऱ्यांदा टप्पे आणि खुब्या. तिसऱ्यांदा कारणंही. मग शिकणाऱ्याने करायचं. आधी नुसतं, चूक होताच तिथल्या तिथे दुरुस्त करायची. मग टप्पे बोलत, मग खुब्या बोलत, मग कारणं बोलत. 'समजलं का?' असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला नवा माणूस नेहमी हो म्हणतो. शेवटी त्याला कामावर सोडताना अडचण आली तर कुणाकडे जायचं ते माणूस दाखवून सांगायचं, सुरुवातीला वरचेवर बघून यायचं आणि हळूहळू ते कमी करायचं.

यात बघणं आहे, ऐकणं आहे, करणं आहे, फोडीचा कागद यंत्रावर लावला तर वाचणंही आहे. चारही वाटा प्रत्येकाला मिळतात. कुणालाही एका वाटेवर बसवून ठेवलेलं नाही. आणि कामगार शिकला नाही तर दोष त्याच्या तऱ्हेचा नव्हे, शिकवणाऱ्याने अजून पुरतं शिकवलेलं नाही, ही या पद्धतीची भूमिका आहे. मला ती फार मोलाची वाटते, कारण ती माणसाच्या कपाळावर चिठ्ठी चिकटवत नाही.

७. शिकलेलं टिकतं कसं?

आज शिकलेलं उद्या विसरतं, हे जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून मोजून दाखवलं. विस्मरण थोपवण्याचे दोन उपाय पक्के सिद्ध झाले आहेत.

पहिला, आठवायला लावणं. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. त्यांना ८१ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७५. आठवड्याने चित्र उलटलं. पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. म्हणून तीच स्लाईड परत दाखवण्यापेक्षा कागद उलटा ठेवून 'तिसरा टप्पा सांग' असं विचारणं जास्त उपयोगी.

दुसरा, सराव पसरवणं. ब्रिटिश टपाल खात्यात पत्रांच्या वर्गवारीसाठी पोस्टमनांना कीबोर्ड शिकवायचा होता. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी त्यांचे चार गट केले. एका गटाला रोज एकच तास, एका गटाला रोज दोन-दोन तासांची दोन सत्रं, बाकीचे दोन मधले. १९७८ साली निष्कर्ष छापले गेले. रोज एक तासवाल्यांनी कीबोर्ड सुमारे ३५ तासांत आत्मसात केला. चार तासवाल्यांना त्यासाठी जवळपास ५० तास लागले. एक तासवाल्यांचे दिवस अर्थातच जास्त गेले. आणि सगळ्यांत नाराज तेच होते. इतरांच्या मानाने आपण मागे पडतोय असं त्यांना वाटत होतं.

प्रशिक्षण संपल्यावर 'आवडलं का?' असा फॉर्म भरून घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने हे लक्षात घ्यायला हवं. त्या पोस्टमनांकडून तो फॉर्म भरून घेतला असता, तर सगळ्यांत चांगली पद्धत पहिल्यांदा बंद झाली असती.

आपल्या लोटोच्या उदाहरणात हे असं दिसेल : पहिल्या दिवशी यंत्रापाशी पाऊण तास. दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू होताना पाच मिनिटं, कागदाशिवाय टप्पे सांगायचे. आठवड्याने दुसऱ्या एखाद्या यंत्रावर तेच. महिन्याने, आधी न कळवता, साफसफाईच्या वेळी शेजारी उभं राहून बघायचं. सगळं मिळून दीड तासही होत नाही. हा वेळ कामाच्या तासांत धरा, त्याचा पगार द्या. शिफ्ट संपल्यावर दमलेल्या माणसाला थांबवून शिकवलेलं टिकत नाही.

आणि महिन्यानंतरच्या त्या पाहणीत कुणाची किल्ली खिशात नसेल, तर आधी त्याला किती वेळा करून दाखवलं, कुठल्या भाषेत सांगितलं आणि त्याने स्वतः किती वेळा केलं, हे तपासा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.